शुक्रवारचा ट्रे

शुक्रवारी मी कलेजी उकळते.
घरभर वास सुटतो, काचांवर वाफ धरते
आणि बाहेर खाणीतल्या पाट्यांचे ढीग
ओल्या पाटीसारखे काळे दिसतात,
काही लिहून कुणीतरी पुसून टाकल्यासारखे.
ब्लायनायमध्ये पाऊस थांबला तर लोक काळजीनं वर बघतात.

ओट्स दोन वाट्या. एक अंडं.
गाजर किसून, घट्ट पिळून.
कांदा नाही. मनुका तर नाहीच नाही,
कुत्र्याला ते विष.
साखर नाही, मीठ नाही.
आई असती तर म्हणाली असती,
एलुनेड, हा स्वयंपाक आहे की पथ्य?

हाडाच्या आकाराचा साचा माझ्याकडे नाही.
नाताळचा तारा आहे, एक टोक वाकलेला.
म्हणून दर शुक्रवारी
पस्तीस लंगडे तारे भट्टीत जातात
आणि कडेचे चार करपतात.
त्याला करपलेलेच आवडतात.

मॉट माझा नाही. शेजारच्या मेरेडिथचा.
मेंढ्या विकल्या, तेव्हा एवढा एक उरला,
एक डोळा निळा, एक तपकिरी.
हाकायला काही नाही, म्हणून दुपारी येऊन
माझ्या तीन कोंबड्या कोपऱ्यात गोळा करतो
आणि माझ्याकडे बघतो:
झालं. पुढे काय?

मेरेडिथच्या आणि माझ्यात विस्तव जात नाही.
अकरा वर्षं.
कारण सांगितलं तर हसाल.
माझ्या धुराड्याचा धूर त्याच्या चादरींवर,
त्याच्या भिंतीचे दगड माझ्या वाफ्यात,
आधी काय झालं ते दोघांनाही नक्की आठवत नाही,
पण कौन्सिलला पत्रं दोघांचीही गेली.
टाइप केलेली. सही ठसठशीत.
चॅपलमध्ये तो डाव्या बाजूला, मी उजव्या,
आणि देव, मला वाटतं, मधल्या वाटेत
अवघडून उभा.

भिंतीला खाली एक भोक आहे.
ते कुणी बुजवायचं, यावरही पत्रं झाली.
बुजलं नाही.
त्यातून मॉट येतो.

मार्चमध्ये एकदा
त्याच्या पट्ट्याला रबरबँडनं काहीतरी बांधलेलं दिसलं.
बियांच्या पाकिटाची मागची बाजू, पेन्सिलीचं अक्षर:
'दोन किलो वाढला आहे. डॉक्टरीणबाई ओरडल्या.
तुकडे लहान करा.'

मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
'बंद करा' असं नव्हतं.
लहान करा.

आणि खाली, पेन्सिल जरा दाबून,
दारापर्यंत जाऊन परत आल्यासारखं:
'मी एक खाऊन पाहिला. मीठ नाही.'

आधी मी संतापले, हे खरं सांगायला हवं.
मुक्या जिवाच्या तोंडचा घास घ्यायचा
आणि वर मिठाची तक्रार!
भांडी आपटली. चहा केला, प्यायला विसरले.
संध्याकाळी कोंबड्या कोंडताना
एकटीच हसले, मोठ्यानं,
तेव्हा भिंतीपलीकडे कुदळ मधेच थांबली.

आज साचा बदलला. बाटलीचं झाकण घेतलं.
नव्वद नाण्याएवढ्या चकत्या, मोजून.
गोळा जरा उरला. टाकवेना.
त्यात चीज किसलं, चिमूटभर मीठ घातलं,
मग अजून अर्धी चिमूट,
आणि जुन्या साच्याचा एकच तारा पाडला,
लंगडा तो लंगडाच.

कागदात गुंडाळून पट्ट्याला बांधताना
मॉट मान वळवून वळवून हुंगत होता.
तुझं नाही हं, मी म्हटलं,
आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

भोकात तो क्षणभर अडकला
(ते दोन किलो),
मागचे पाय झाडले, गेला.
पुडी अजून ऊन होती.

पलीकडे कडी वाजली. दार उघडलं की लागलं
ते पावसात समजलं नाही.
पोचली, की वाटेतच फस्त झाली,
कोण जाणे.
मी ट्रे घासायला घेतला.
करपलेले कोपरे खरवडून निघत नाहीत,
पाण्यात ठेवावे लागतात, रात्रभर.